एकोणिसावी गाठ

—न्हाय न्हाय, संयोगिता मॅडम, शिट्टी न्हाय, खोडा ती शिट्टी. शिट्टी वाजली की आमची पोरं कबड्डीला हुबी ऱ्हात्यात. कासरा लिवा. व्हय, म्हशीचाच. आमच्या मालकांनी म्हस इकली तवा दोन कासरं घरात पडून हुतं, ते जोडलं, हातहातभर अंतरावर गाठी मारल्या—एका पोराला एक गाठ, म्होरं मी, मागं आमची मदतनीस मलिका, आणि चाललो हायस्कूलच्या हॉलाकडं. त्यो उंचावर हाय न्हवं, तिथवर पाणी चढत न्हाय. दर शनवारी सराव. पोरं त्येला 'म्हशी म्हशी' म्हणत्यात, हंबरत जात्यात रस्त्यानं. एकदा कोडोलीचं पावणं आलतं, त्यांनी गाडी थांबवून इचारलं, बाई, ह्ये काय? मी म्हटलं, आपत्ती व्यवस्थापन. हेबी लिवताय? लिवा की.

तुमच्या ट्रेनिंगला मी दोनदा बसलोय बरं का, वारणानगरला. पडद्यावर चित्रं दावली—आग लागली तर लिफ्ट वापरू नका. आता आमच्या अंगणवाडीत चढायला म्हणून एक स्टूल हाय, त्येचाबी एक पाय आखूड. पर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: भाईर पडताना हजेरीचं रजिस्टर काखंत मारा आणि पोचल्यावर त्येच्यावरनं पोरं मोजा. केलं की मी. तंतोतंत केलं. तिथंच तर—ऱ्हाऊ दे. च्या घ्या, निवतोय.

तर दोन वर्षांमागचा जुलै. ओढ्याला फूग आलती. म्हंजी काय, नदी भरली की ओढ्याचं पाणी म्होरं जात न्हाय, तुंबून मागं येतं, आणि येतं ते मुकाट्यानं—आवाज न्हाय, काय न्हाय, सरळ पायरीवर येऊन बसतं. अकराचा सुमार. खिचडी शिजत आलती. मलिकानं दारातनं बगितलं, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण घातलं, म्हणाली, ताई, कासरा. मी रजिस्टर घेतलं, तिनं दारात पोरं मोजली, अठरा, आणि धा मिनटात हॉलात. एकबी पोरगं रडलं न्हाय. राजवर्धन तर म्हणत हुता, बाई, परत एकदा. तवा कुणीतरी कासऱ्याचा फोटू काढला, त्योच तुमच्या फायलीत हाय, त्यो बगूनच तुमी मला सोमवारी स्टेजवर बोलवाय आलाय. दोनशे सेविकांनी माझ्याकडनं शिकायचं. चांगलं हाय की.

'प्रत्यक्ष आपत्तीत झालेल्या चुका'—ह्यो रकाना व्हय? त्यो सोपा हाय. तवाच्या अहवालात बगा, माझंच अक्षार हाय: मदतनीसकडून मोजणीत चूक. तेच उतरून घ्या. कसली चूक म्हंताय? आता—तलाठी भाऊसाहेब हुतं हॉलात, त्यांनी रजिस्टर बगितलं, हजर एकोणीस. पोरं मोजली, अठरा. कासऱ्याची एक गाठ रिकामी. हॉलात एकच गलका झाला, पोरगं ऱ्हायलं, पोरगं ऱ्हायलं. कोणाचं, कुठलं, नाव इचारायला कुणाला सवड? मलिका म्हणाली, ताई, अठराच हुती की ओ. माझ्याकडं बगितलं तिनं. मी रजिस्टराकडं बगितलं. आणि ती गेली—कमरंएवढ्या पाण्यात, परत, एकटी. कपाटामागं हुडकलं, टेबलाखाली हुडकलं, मोरीत हुडकलं. भाईर येताना गटारीत पाय गेला आणि घोट्यात मोडला. गावातली माणसं ट्रॅक्टर घालून तिला घिऊन आली.

पोरगं? पोरगं कुठलं, मॅडम. भाऊसाहेबांनी मग एकेक नाव पुकारलं, सम्राटपाशी आलं, तर त्येची आज्जी चिमणाबाई कोपऱ्यातनं म्हणती, आवं, त्यो कागलला मामाकडं हाय की, आठ दिस झालं! समदी माझ्याकडं बगाय लागली. तवा मी बोललो—सकाळी नावं मलिका पुकारती, मी नुसती टिक करतो, दुसरंच कोण तरी 'हजर' म्हणालं असंल, हिनं मान वर करून बगितलं नसंल. मलिका बाकड्यावर आडवी हुती, पाय ह्यो एवढा सुजलेला. म्हणाली, व्हय, माझंच चुकलं असंल. झालं. मिटलं.

मिटलंच म्हणायचं. पर तवापास्नं ती मोजती. पोरं मोजती, वाट्या मोजती, दारातल्या चपला मोजती, परत येऊन परत मोजती. खालच्या वाडीत सेविकेची जागा निघालीया—बारावी झालीया ती, माझ्यापरास शिकलेली. पोरं तिच्या अंगाखांद्यावर. फॉर्म मी स्वता आणून दिला, तर म्हणती, ताई, मला मोजता येत न्हाय, दुसऱ्याची लेकरं मी कशी सांभाळू? आज शेवटचा दिस हाय. फॉर्म कोराच पडलाय, ह्यो बगा, ह्या डब्याखाली.

ह्यो डबा? ह्यो चिमणाबाईचा. म्हातारी एकटीच असती, नातू गावाला गेला तरी पोटाला काय सुट्टी असती व्हय? आणि खिचडी मिळती हजर पोराच्या नावावर. मग मी काय करायचो—त्येच्या नावाम्होरं हजेरी मारायचो आणि मलिका भांडी घासाय मागं गेली की डबा भरून—

असं काय बगताय, मॅडम? डब्याची लाज न्हाय मला. आजबी कोण उपाशी दिसलं तर भरीन. पर तुमी नुसती चूक इचारली आणि मी बोलत बसलो. तवा आठवलं न्हाय म्हणून सांगणार हुतो तुमाला. तयारी करून ठिवलती. आठवलं हुतं. भाऊसाहेब 'एकोणीस' म्हणालं तवाच आठवलं. मी नुसतं 'सम्राट कागलला हाय' म्हणायचं हुतं, तीन शबुद, मलिका अजून हॉलाच्या दारात हुती. रजिस्टर खोटं ठरंल, नोकरी जाईल, ह्येच डोक्यात. ती पाण्यात उतरली तरी मी गप. तुमच्या पडद्यावर समदं हुतं बगा—आग, पूर, भूकंप, साप. तोंड उघडायला कुणी शिकवलं न्हाय. न्हाय, ते शिकवायचं नसतंच, मला ठावं हाय. मला लई लाज वाटती, मॅडम. दोन वर्षं ती माझ्याम्होरं पाय वडत चालती आणि मी तिला सांगतो, जपून गं.

थांबा, आलीच ती. बोलू नगा, दारात चपला मोजती, मधी बोललं की पयल्यापास्नं सुरू. . . किती गं मलिका? सतरा जोड? बरोबर हाय, पोरं सोळा आणि एक जोड ह्या मॅडमांची, आपल्या दोगींच्या मागल्या दारात. बगा, तुमचीबी सुटली न्हाय. ह्या बाईला मोजता येत न्हाय म्हणं.

मलिका, हितं बस. अगं भांडं ठेव आदी खाली. ऐक, त्या दिवशी अठराच हुती. तू बरोबर मोजलीस. सम्राटची हजेरी मी मारलती, रोजच मारायची, आणि तू पाण्यात गेलीस तवा मला ठावं हुतं, आत कोणबी न्हाय म्हणून. शिव्या दे.

मॅडम, उठा तुमी. त्या रकान्यात मलिकाचं नाव खोडा आणि धोंडुबाई लिवा, सेविका. स्टेजवर कुणाला न्यायचं ते तुमचं तुमी बगा. न्हाय, आता बसू नगा, फॉर्म भरायचाय हिला, पाचाच्या आत तालुक्याला पोचला पायजे. जावा. तुमची चप्पल तेवढी अलगद काढा, बाकीच्या हलवू नगा—मोजून ठिवल्यात तिनं.