थेंबाचं भिंग

अहो, ऐन तपासणीच्या दिवशी आमच्या चाकणच्या शाळेतला मायक्रोस्कोप बंद पडला! तपासणीला आलेल्या साहेबांनी आठवीतल्या श्रावणीलाच विचारलं, “जुन्या काळी मायक्रोस्कोप कसे असायचे गं?”

“काही तर एकाच भिंगाचे होते. दाखवू? मोबाईल द्या, साहेब.”

त्यांनी दिला, आणि पोरीने सेल्फी कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंबच सोडला! साहेब ओरडले. तिने शांतपणे थेंबावर काचपट्टी धरली, कांद्याच्या पातळ पापुद्र्याची. स्क्रीनवर विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या.

“मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?”

“भिंगाचं मी शिकवलं,” मी ताठ मानेने म्हणाले, “थेंब तिचा.”

निघताना साहेबांनी मोबाईल थेंब-काचपट्टीसकट आरतीच्या ताटासारखा धरला होता.

“पुसून देऊ?” शिपायाने विचारलं.

“हात लावू नका! ड्रायव्हरला दाखवायचंय.”