शेजाऱ्याशीच अदलाबदल

दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

"तासाभरात ऑनलाइन कोर्सचं प्रात्यक्षिक, आई. कॉम्प्युटर आकडे लावतो तशा चिठ्ठ्या क्रमाने लावून दाखवायच्या. चुकले तर कोर्समधून बाहेर."

"प्रोग्राम तर लिहिलास ना?"

"भावजींनी लिहिला."

"वा! पोहायला दीर, बुडायला तू. रीत तरी सांग."

"शेजारच्या दोघांनाच ताडून पाहायचं. मोठा नंबर उजवीकडे."

"मग माझं टोकन नऊ. बाई, तुमचं?"

"सहा," शिक्षिका म्हणाली आणि उठून डावीकडच्या सासूबाईंशी तिने जागा बदलली.

"आता पुढची जोडी! उठव सगळ्यांना."

खुर्च्या सरकू लागल्या.

"सहा नंबर!" आतून हाक आली.

"अहो, एकच फेरी राहिलीय! आत्ता कुठे कळतंय मला," सून ओरडली.

शिक्षिकेने दाढ दाबली. "सातला घ्या आधी."