आरतीच्या ताटातला राणीछाप

बस नं राखी, ओसरीवर बस — पन आदीच सांगून ठेवतो, थो रुपाया काही वापस भेटनार नाही. आरतीच्या ताटात पडला, देवीचा झाला, खतम! आता तुही सासू म्हन्ते चुकून पडला — पदराच्या गाठीत सुटे बी होते अन लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रानीछाप बी, गर्दीत चाचपून टाकला म्हन्ते — तं चतुराबाईले म्हना, डोये तपासून घे, देवीवर कायले ढकलून राह्यली? जेवन सोडलं तिनं? सोडू दे. तेवढंच पोट हलकं होते. माहेरची एकच निशानी, कबूल, पन हा रामराव देवस्थानचा अध्यक्ष हाय नं बाई! आज तुले देलं तं उद्या कोनी येईन, नवसाची कोंबडी वापस द्या म्हनीन — कुठून काढू? पंगतीच्या पोटातून?

काय? बेबीबाईनं पाह्यलं? ताटातून उचलताना? ... बेबीबाईचं काय घेऊन बसली, तिनं निस्तं ताट फिरवावं. उचलला म्हनजे — आयक, नीट आयक. त्याच्यावर इंग्रजीत काय लिवलं हाय? एक रुपाया. मी माह्या खिशातला एक रुपाया ताटात टाकला, नवाकोरा, चकचकीत — अन थो घेतला. रुपायाले रुपाया! देवीचं नुकसान कायचं झालं, सांग? पेटीत गेला असता तं ब्यांकवाल्यानं चालत नाही म्हनून बाजूले फेकला असता. अन मी काय इकला का? रिसोडचा सोनार मागून राह्यला होता — नाही देला! भाव इचारला फक्त. भाव इचाराले काय पाप लागते? घरी आनला, आतमंदी देव्हाऱ्यात ठेवला, रोज हयद-कुकू वाह्यतो. देवाचा देवाजोळच हाय. तथच्यापेक्षा इथं सेवा जास्त, उदबत्ती बी महागाची लावतो मी.

पटलं नं? मंग जाय आता, सासूले दोन घास चार. — अवं, हे काय? रुपाया मले कायले देऊन राह्यली? ... अन घरात कुठी चालली? राखी! तिकडं देव्हारा हाय — हात नको लावू — अवं, काही लाज? देवापुढचं कोनी उचलते का—