आपली टीम आउट

हसू नका, पण मी दुबईत बसून बेसबॉलवरून शिव्या घालतो. माझा मुलगा ओंकार अमेरिकेत शिकतो, म्हणून त्याच्या शहराची टीम ती आपली टीम. आणि टीम कसली, नुसता भोंगळ कारभार! एकुलता एक चांगला पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, मालकाने विकला आणि गुडघे गेलेला म्हातारा आणला.

सकाळी मॅच बघायची आणि दुबई मरीनातल्या ऑफिसला निघालो की गाडीतून पोराला फोन लावायचा, हा माझा नेम. एरवी मी विचारणार, "जेवलास का?" तो म्हणणार, "येस, बाबा." खलास. पण त्या मालकाचा उद्धार सुरू झाला की हाच पोरगा वीस-वीस मिनिटं बोलतो.

परवा हातातली मॅच घालवली. मी तोंडाचा पट्टा सोडला, तर तो म्हणाला, "रिलॅक्स, बाबा. वी आर आउट. आपला सीझन संपला, आता थेट एप्रिलमध्ये."

"आणि बाकीच्या टीम?"

"चांगल्या टीम अजून महिनाभर खेळतील ना."

बघा, म्हणजे त्या टीमवाल्या पोरांच्या बापांना अजून एक महिना मिळाला!

"जेवलास का?" मी विचारलं.

"येस, बाबा."