हिरामणकाकांचा फ्रीज

...आनि वर साहेब म्हनतात, नियम पाळा! अहो पाळला ना, पाळला म्हनून तर हे होऊन बसलंय... तुमाला सांगतो, मी रूपेश, खोपोलीचा, फायनान्स कंपनीत वसुलीला. पूर्वी कसं, दारात उभं राहायचं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वरडायचं, मानूस लाजंनंच हप्ता काढायचा. आता? साहेब म्हनतात, "रूपेश, कर्जाची गोष्ट कर्जदाराशीच बोलायची. घरच्यांना नाय, शेजाऱ्याला नाय. तक्रार आली की तुझी नोकरी गेली!" आनि हिरामणकाकांचे फ्रीजचे तीन हप्ते थकलेले, ते नाय आनले तरी नोकरी गेलीच!

गेलो कर्जतच्या पुढं त्यांच्या गावाला, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. काका शेतावर. ओटीवर शेजारची जयवंतामावशी बसलेली. "काय काम रं?" आता सांगता येतं का? नाय! "खासगी हाय मावशी, काकांशीच बोलायचंय." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खासगी! बरं बरं... नोकरी हाय?" "हाय." "घर सोताचं?" "हाय." "मंग एकटाच आलास? आईबापाला नाय आनलंस?" अहो, वसुलीला आईबापाला कोन आनतो? पन सांगता येतं का? नाय!

झालं! मावशी आत वरडली, "अगं ऋतिकाची आई, स्थळ आलंय गं!" पाट काय, पोहे काय... आनि काकांची ऋतिका पानी घेऊन आली, गारेगार, त्याच फ्रीजमधलं! पोरगी लाखात एक हो, खोटं कशाला बोलू, पोहे घशातच अडकले माझ्या. म्हटलं, आता बोलूनच टाकावं... पन सांगता येतं का?

तेवढ्यात काका आले. सुटलो! बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "काका, फ्रीजचे तीन हप्ते..." तर माझं तोंडच दाबलं! "गप रं! घरात रोखीनं घेतला म्हनून सांगितलंय!" आनि बाहेर येऊन मोठ्यानं, "पोरगा पसंत हाय आपल्याला!"

लगीन वैशाखात हाय, यायचं बरं का सगळ्यांनी. नोकरी वाचली, साहेब खूश, "रूपेश, हिरामणचा हप्ता एक दिवस चुकत नाय, काय जादू केलीस रं?" काय सांगू त्यांना? त्या दिवशी काका मला सोडायला वेशीपर्यंत आले, खांद्यावर हात टाकला, कानाशी म्हनाले, "जावईबापू, ते फ्रीजचं तेवढं आता तुमीच बघा."

बघतोय!... अजून नऊ हप्ते बघायचेत.