पडलो की बसलो?

...नाही, तुम्हीच सांगा, माणूस बर्फावर आडवा होतो, मनगटाचं हाड कडकन मोडतं, त्याला काय म्हणायचं? मी पडलो हो! चाळीस वर्षं बातमीदारी केली, मंत्री पडलेले पाहिले, सरकारं पडलेली पाहिली, मला पडणं कळतं! पण आमच्या गावात मेडिकलवाले, आरोग्यशिक्षणवाले आणि खेळाची यंत्रं बनवणारे, तिघांनी मिळून संशोधन काढलं... म्हाताऱ्याच्या कमरेला पट्टा, म्हातारा पडला की पट्टा दवाखान्याला कळवणार. फिनलंडचा हिवाळा, दाराबाहेर घसरगुंडी, म्हटलं कामाची वस्तू, बांधला. आणि टपालपेटीपाशी पाय सटकला, कुंपण धरत धरत गेलो खाली, वीस मिनिटं तिथेच... पट्टा गप्प! शेवटी शेजारच्या कुत्र्याने बोभाटा केला.

हात गळ्यात बांधून गेलो तिघांकडे. यंत्रवाला येस्पेर पडद्यावर बघून म्हणतो, "ओस्मो, तुम्ही पडला नाहीत. बसलात."

"बसलो? मनगटावर?"

"वेग कमी पडला."

पडेलच! पट्ट्याला पडणं शिकवलं कुणी, तर बर्फावर हॉकी खेळणाऱ्या पोरांनी! ती धाडकन आपटतात, आम्ही सत्तरीचे टप्प्याटप्प्याने जातो! डॉक्टरीणबाई हन्नेले म्हणतात, "हाड मोडलंय हे नक्की, पण कशाने ते पट्टा सांगेल." आरोग्यशिक्षणाच्या तूलिक्कीबाई कॉफी ओतत म्हणतात, "आम्ही 'पडणे' म्हणतच नाही, माणसं घाबरतात. 'जमिनीशी भेट' म्हणतो." भेट? अहो बाई, मी पडलो हो!

मग तिघंही गप्प. आमच्याकडे गप्प म्हणजे ठराव मंजूर. निष्कर्ष काय, तर पडण्याच्या घटना शून्य, आणि शुक्रवारी चारशे म्हाताऱ्यांना पट्टे वाटणार!

पेटलोच. डाव्या हाताने बातमी खरडली, संपादकाच्या टेबलावर आदळली. संपादक म्हणजे पाइवी, माझ्याच हाताखाली तयार झालेली. म्हणते, "यंत्र नाही म्हणतं, तिन्ही विभाग नाही म्हणतात, हो म्हणणारे तुम्ही एकटे. एका तोंडावर बातमी द्यायची नाही, तुम्हीच शिकवलंत ना? दुसरं कुणी आणा."

"कुत्रा आहे की!"

"बोलणारं, ओस्मो."

...शुक्रवारी पट्टे वाटून झाले. आता काय करणार? बातमी छापून आली नाही, म्हणून रोज सकाळी खिडकी उघडतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ओरडून सांगतो, मंडळी, सांभाळून चाला... आणि पडायचंच झालं, तर कृपा करून दणकून पडा!