केशरी जाकीट आल्याशिवाय हलायचे नाही

जबाब
दिनांक १९ जानेवारी २०२५

मी रत्नपाल भीमराज खिल्लारे, वय ३४ वर्षे, व्यवसाय मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज, राहणार हिंगोली. माझी बहीण ज्योती, वय २३ वर्षे, ही सापडत नसल्याने आज सायंकाळी पोलीस ठाणे सेनगाव येथे स्वतः हजर होऊन सांगतो की,

वरील ठिकाणी मी आई पद्माबाई व ज्योती यांच्यासह राहतो. ज्योती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती घरातून रागावून गेलेली नाही. तिचे कोणाशी भांडण नाही आणि साहेबांनी विचारले तसे काहीही नाही. आईला अजून कळवलेले नाही.

मी महिन्यातून एका रविवारी हौशी लोकांना मोटारसायकलवर माळरानातून, कच्च्या वाटांनी फिरवून आणतो. त्यात मुरलेले असतात आणि काल क्लच शिकलेलेही असतात. सगळे एका चालीने जात नाहीत, म्हणून आमचा एक नियम आहे. मी सर्वांत पुढे असतो. वाट फुटते तिथे माझ्या मागचा थांबतो आणि मागून येणाऱ्यांना वाट दाखवतो. शेवटी सोमेश्वर असतो. त्याच्या अंगात केशरी चमकपट्टीचे जाकीट असते. ते आले म्हणजे मागे कोणी उरले नाही. मग थांबलेल्याने त्याच्यासोबत निघायचे. नवशिका असेल तर त्याने अंतर ठेवून मागे राहायचे आणि जाकीट काढील त्याच वाटेने गाडी काढायची.

आज सकाळी आम्ही बारा जण नरसी नामदेवहून निघालो. ज्योती प्रथमच आली होती. ओढ्यापलीकडच्या माळावर दोन वाटा फुटतात, तिथे ती माझ्या मागे होती, म्हणून तिला उभे केले. मी तिला म्हणालो, "केशरी जाकीट आल्याशिवाय हलायचं न्हाई. खुद्द आई बोलवायला आली तरी न्हाई." ती "व्हय दादा" म्हणाली.

मागे ओढ्यात आमच्यातले तातेराव गाडीवरून घसरून पडले व त्यांचे मनगट दुखावले. त्यांना घेऊन सोमेश्वर माळावर न येता सडकेनेच सेनगावला डॉक्टरकडे गेला. माळावर मोबाईलला रेंज नसते. यात सोमेश्वरची चूक नाही, मीही तेच केले असते. बाकीचे ज्योतीने दाखवलेल्या वाटेने बरोबर आले. ती सोमेश्वरसोबत हळूहळू येत असेल असे मी धरून चाललो. तेवढ्या वेळात मी भाकरी खाल्ली. हे लिहावे की नाही ते साहेबांनी ठरवावे.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही जेवायला थांबलो होतो तिथे सोमेश्वर सडकेने एकटाच आला. मी म्हणालो, "ज्योती कुठंय?" तो म्हणाला, "माझ्याकडं कशी असंल?"

आम्ही दोघे माघारी गेलो. फाट्यावर ती नव्हती, गाडीही नव्हती. जवळच शेळ्या चारणाऱ्या कमलबाई यांना विचारले. त्या म्हणाल्या, "पोरगी दुपारपासून उभी व्हती. पाणी दिलं ते पिली, पर सावलीला ये म्हणलं तर न्हाई आली. आत्ता एक केशरी जाकीटवाला गाडीवर आला, त्याच्या मागं गेली." आम्ही दोन्ही वाटांनी शोधले, ती दिसली नाही, म्हणून इथे आलो.

साहेब, केशरी जाकीट सोमेश्वरचे आहे. सोमेश्वर इथे माझ्या शेजारी बसला आहे आणि जाकीट त्याच्या मांडीवर आहे. मग ती कोणाच्या मागे गेली, हे मला सांगता येत नाही. कोणाच्या मागे जायचे हे मीच तिला शिकवले आहे. बाहेर अंधार पडत आहे, तरी लवकर गाडी पाठवावी.

वरील मजकूर लिहून होत असताना एक इसम धावत ठाण्यात आले. नाव फुलसिंग, रस्त्याच्या कामावर मजूर आहेत. तोंडाला धुळीसाठी रुमाल, अंगात कामावरचे केशरी जाकीट. ते हवालदारांना म्हणाले, "साहेब, वाचवा. एक हेल्मेटवाला माळापासून माझ्या मागं लागून राहिला. मी थांबलो की थांबतो, गाडी पळवली की पळवतो. घाबरून ओढ्यात गाडी घातली, तर त्यो बी ओढ्यात!"

मी बाहेर गेलो. वीसेक हात अंतर ठेवून ज्योती गाडीवर बसलेली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने हेल्मेट काढले व आत येऊन आधी सोमेश्वरच्या मांडीवरचे जाकीट पाहिले, मग फुलसिंगकडे पाहिले आणि म्हणाली, "दादा, मंग ह्ये कोण हाय?"

सोमेश्वरने मला बाकावर बसवले.

ज्योती सुखरूप मिळाली आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फुलसिंग यांची तक्रार आहे, ती रास्त आहे. त्यांना चहा पाजला आहे. तातेराव ज्या ओढ्यात पडले तोच ओढा ज्योतीने न पडता पार केला, असे फुलसिंग यांनीच सांगितले, तेही लिहून घ्यावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो खरा व बरोबर लिहिला आहे. खालची सही वाकडीतिकडी आली असली तरी माझीच आहे.

रत्नपाल भीमराज खिल्लारे